स्पायडर-मॅन २ : भाडं थकलेला सुपरहिरो

मुठाकाठचा_कोळी

परवा भाचा राहायला आला होता. वय चौदा. कुठला हिरो कुठल्या विश्वातून कुठे गेला, कोण मेला, कोण मेल्यासारखं करून परत आला, हे सगळं त्याला पाढ्यासारखं पाठ. मी म्हटलं, चल, आज तुला या सगळ्यांचा बाप दाखवतो. आणि २००४ सालचा, सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन २' लावला. तासाभरात गडी चुळबुळायला लागला. म्हणाला, "मामा, हा लढतोय कुठे? हा तर नुसता सगळीकडे उशिरा पोचतोय."

आधी मी चिडलो. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की कार्ट्याने एका वाक्यात सिनेमा सांगितला. म्हणून हा धागा.

मोजून बघा. दोन तासांच्या वर चालणाऱ्या या सिनेमात खलनायकाशी, म्हणजे पाठीला चार लोखंडी हात असलेल्या डॉक्टर ऑक्टोपसशी, मोठ्या मारामाऱ्या तीनच. एक बँकेतली, दुसरी घड्याळाच्या मनोऱ्यावर सुरू होऊन ट्रेनवर जाणारी, आणि तिसरी नदीकाठच्या पडक्या धक्क्यावरची. उरलेला वेळ पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा पोरगा, काय करतो? पहिल्याच प्रसंगात तो पिझ्झा पोचवतो. २९ मिनिटांत आला नाही तर फुकट, अशी दुकानाची हमी. एकवीस मिनिटं आधीच गेलेली, आठ पिझ्झे, बेचाळीस चौक पलीकडे. स्कूटरने जमणार नाही म्हणून तो गल्लीत जाऊन कपडे बदलतो आणि जाळी फेकत निघतो. वाटेत दोन पोरं ट्रकखाली येता येता वाचवतो, तेवढा वेळ पिझ्झे कुणाच्या तरी गच्चीवर ठेवतो, तिथला माणूस एक तुकडा उचलतो, तो जाळीने परत ओढून घेतो. पोचतो तो इमारतीच्या झाडू-फडक्यांच्या खोलीत, आणि बाहेर पडताना सगळे झाडू अंगावर कोसळतात. रिसेप्शनिस्ट घड्याळ बघते. उशीर झाला, पैसे देणार नाही. परत गेल्यावर मालक त्याच्या हेल्मेटवरचं दुकानाचं स्टिकर सोलून काढतो. नोकरी गेली.

दोन मुलांचा जीव वाचवल्याबद्दल त्याच्या खात्यावर काय जमा झालं? शून्य. माझं म्हणणं एवढंच आहे की बाकी सुपरहिरो सिनेमे जग वाचवतात, हा सिनेमा जग वाचवण्याचा खर्च मांडतो. आणि तो आकाशाएवढा वगैरे नाही. चिल्लर. महिनाअखेरीला खिशात हात घातल्यावर जी हाताला लागते किंवा लागत नाही ती.

वर्तमानपत्राच्या कचेरीत तो फोटो विकतो. चेक काही मिळत नाही, कारण दोन आठवड्यांपूर्वीची उचलच अजून फिटलेली नाही. वाढदिवसाला मे काकू त्याच्या हातात वीस डॉलर कोंबते. स्वतःचं घर बँकेच्या तोंडी चाललेलं, तरी. तो नको म्हणतो तर ती रडवेली होऊन ओरडते, घे म्हणते, मग स्वतःच ओशाळते. ती नोट घेऊन पोरगा खोलीवर येतो, दबकत दार उघडतो, तर घरमालक डिट्कोविच समोर उभा. भाडं! पुढच्या क्षणाला ती नोट घरमालकाच्या हातात. यावर एक शब्द कोणी बोलत नाही, संगीत नाही, डोळ्यांत पाणी नाही. प्रसंग गमतीचा म्हणून निघून जातो. मला तो वीस वर्षं झाली तरी जात नाही.

मग त्याची शक्ती जायला लागते. जाळी येत नाही, भिंतीला हात चिकटत नाहीत, पहिल्या भागात सुटलेला चष्मा परत लागतो. कारण कुठलं किरण नाही, कुठलं विष नाही. पोरगा थकलाय, बस. कॉमिकवाल्यांना रायमीचा राग होता की याने जाळी फेकायचं यंत्र काढून जाळी थेट मनगटातून आणली. पण यंत्र असतं तर ते बिघडलं असतं आणि त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन दुरुस्त केलं असतं. इथे अंगच नाही म्हणतंय.

शेवटी तो पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा चालू लागतो. ही चौकट १९६७ सालच्या कॉमिकच्या पन्नासाव्या अंकातली, स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांची. पुढची काही मिनिटं काय सुंदर आहेत! पोरगा वर्गात वेळेवर जातो, प्राध्यापकाला उत्तर देतो, रस्त्यात हॉट डॉग खातो, आणि पोलिसांच्या गाड्या सायरन वाजवत शेजारून जातात तेव्हा नुसता बघतो. तो सुखी आहे आणि आपल्याला अपराधी वाटतं. हे कुणाला पुन्हा साधलंय का, ते सांगा.

---

रात्रपाळी

हायला, काय आठवण काढलीत! मी हा सोलापुरात हिंदीत पाहिला, बाल्कनीचं तिकीट परवडलं नव्हतं म्हणून खाली, तिसऱ्या रांगेत मान वर करून. शिकवण्या घ्यायचो तेव्हा, आणि दोन महिन्यांचं खोलीभाडं थकलेलं. ते "भाडं!" ऐकल्यावर मी आणि मित्राने एकमेकांकडे पाहिलं होतं. अख्खं थिएटर हसत होतं, आम्ही दोघं सोडून.

---

गॉथमचा_पाटील

लेख आवडला, निष्कर्ष नाही. भाडं थकणं हे रडगाणं आपण घरी रोज ऐकतो, त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. त्यातला खलनायक जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. त्यात प्रश्न आहे की माणूस मुळात चांगला असतो का. दोन बोटी, दोन्हींत स्फोटकं, एकीत कैदी आणि दुसरीत सामान्य नागरिक, प्रत्येकाच्या हातात समोरच्या बोटीचा खटका. आणि तो दांडगा कैदी शांतपणे पुढे येऊन खटका खिडकीबाहेर फेकतो. याच्यापुढे पिझ्झा?

---

मुठाकाठचा_कोळी

पाटील, बरं झालं बोटी काढल्यात, मी वाटच बघत होतो.

डार्क नाइट मोठा सिनेमा आहे, वाद नाही. पण तिथे लोकांची परीक्षा जोकर घेतो. प्रश्नपत्रिका खलनायकाने काढलेली, वेळ त्याने लावलेली, आणि आपण श्वास रोखून निकाल बघतो. आता ट्रेनचा प्रसंग आठवा. ब्रेक गेलेली ट्रेन, रूळ पुढे संपलेले. पीटर मुखवटा काढून डब्याच्या तोंडाशी उभा. आधी पाय टेकवून थांबवायला जातो, रुळांमधल्या फळ्या काडीसारख्या मोडतात. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळ्या मारून ताणून धरतो, दोन्ही हात पसरलेले, पोशाख फाटतोय. ट्रेन कडेला येऊन थांबते. आणि तो शुद्ध हरपून पुढे कलंडतो.

तेव्हा आतून हात येतात. कुणी त्यांना सांगितलेलं नाही, कुणी परीक्षा घेत नाही. त्याला डोक्यांवरून हातोहात मागे नेतात आणि खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं की हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. दोन मुलं मुखवटा परत आणून देतात, आम्ही कुणाला सांगणार नाही म्हणतात. आता खरी गंमत. ऑक्टोपस परत येतो तेव्हा तेच लोक एकेक करून आडवे उभे राहतात. आणि काय होतं? दोन सेकंदांत तो सगळ्यांना बाजूला सारतो. त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. तुमच्या बोटींवरची माणसं चांगली वागली म्हणून वाचली. यांना चांगलं वागून काही मिळालं नाही, तरी उभे राहिले. वीस वर्षं मी या जागेला उसासतो.

---

गॉथमचा_पाटील

हं. याच्यावर विचार करून सांगतो. (हरलो नाहीये.)

---

लूपवरून

त्या ट्रेनबद्दल बोलायचा हक्क माझा. अकरा वर्षं शिकागोत राहतोय. सिनेमात न्यूयॉर्क म्हणून दाखवलेली ती उन्नत रेल्वे शिकागोची आहे, डाउनटाउनमधली 'एल'. डब्यावर न्यूयॉर्कची आर गाडी लिहिलंय, पण मॅनहॅटनमधली आर जमिनीखालून जाते. त्या लूपवर मी सकाळी ऑफिसला जातो. दोन्हीकडे इमारती इतक्या जवळ की खिडकीतून कुणाच्या टेबलावरचा कॉफीचा मग दिसतो. म्हणजे जाळी मारायला जागा अगदी योग्य निवडलीये, एवढं मी स्वतः प्रमाणपत्र देतो.

पाटीलसाहेब, तुमचं डार्क नाइटचं गॉथम, बॅटमॅनचं शहर, पण आमचंच. तो मोठा ट्रक उभा उलटतो ना, तो लसाल स्ट्रीटवर. तेव्हा दोघांनीही शिकागोचे आभार मानावेत आणि भांडण मिटवावं.

---

निळी_शाई

सगळे ट्रेन ट्रेन करताय. माझ्या मते सिनेमाचा सगळ्यात थरारक प्रसंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे.

धागाकर्त्याने 'मे काकू' लिहिलंय ते वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक जण 'आंटी' म्हणून मोकळे होतात. इंग्रजीत मावशी, आत्या, मामी, काकू सगळ्यांचा एकच लगदा. बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ. म्हणजे मे ही काकू. म्हणजे तिचं आणि पीटरचं रक्ताचं नातं काहीच नाही. नातं होतं ते नवऱ्यामार्फत, आणि तो नवरा गेलाय. आता हे डोक्यात ठेवून तो प्रसंग बघा.

दोघं बेनच्या कबरीवरून परत आलेत. ती म्हणते, त्या रात्री मीच त्याला अडवायला हवं होतं, माझ्यामुळे गेला. पीटरला ते सहन होत नाही आणि तो सांगून टाकतो: चोराला पळताना मी थांबवू शकलो असतो, मी जाऊ दिलं, त्यानेच पुढे काकाला गोळी घातली. स्पायडर-मॅन असल्याचं सांगत नाही, फक्त एवढंच. तिचा हात त्याच्या हातात आहे. ती काही बोलत नाही. हात काढून घेते. उठते, जिन्याने वर जाते. तो खालीच बसलेला.

रोझमेरी हॅरिस या बाईंनी त्या हात काढून घेण्यात जे केलंय ते पानभर संवाद लिहून झालं नसतं. आई असती तर ओरडली असती, मारलं असतं, गळ्यात पडली असती. काकूला तो हक्क आहे की नाही हेच तिला त्या क्षणी कळत नाहीये, असं मला दरवेळी वाटतं. (हे माझं. रायमीच्या डोक्यात काका-मामाचा फरक असणार नाही हे मलाही कळतं.)

पुढे ती घर सोडायची आवराआवर करताना त्याला माफ करते. शेजारचा मुलगा हेन्री मदतीला आलाय, आणि ती पीटरला सांगते की त्या मुलाला स्पायडर-मॅन फार आवडायचा, तो कुठे गेला म्हणून विचारतो. प्रत्येकात एक नायक असतो, कधी कधी आपल्याला सगळ्यात हवी ती गोष्ट सोडावी लागते, वगैरे. हे ती कुणाला सांगतेय? तिला माहीत आहे. शंभर टक्के माहीत आहे. बँकेत ऑक्टोपसने तिला पळवलं तेव्हा ती स्पायडर-मॅनच्या मिठीत होती. वाढवलेलं पोर ओळखू येत नाही होय?

---

चिंचेचा_कोळ

@निळी_शाई, काकूवर साष्टांग. छत्रीने ऑक्टोपसला बडवते तेव्हा मी शिट्टी मारली होती.

पण मग मेरी जेनचं, पीटरच्या प्रेयसीचं काय? धाग्यात तिचं नावही नाही अजून. तीन सिनेमे, तीनदा पळवलेली, दोनदा उंचावर टांगलेली. कर्स्टन डन्स्टसारखी नटी घेऊन तिला किंचाळायला लावायचं. काकूला छत्री दिली, हिला साधं लाटणंही नाही. मग 'सगळ्यांत भारी' म्हणताना जरा हात आखडता घ्या की.

---

मुठाकाठचा_कोळी

मान्य. धक्क्यावर तिला साखळ्यांनी बांधून ठेवणं हा सिनेमाचा सगळ्यात आळशी भाग आहे. आणि तो तिचा होणारा नवरा, बिचारा जॉन जेमसन! चंद्रावर चालून आलेला माणूस, कुणाचं वाईट केलं नाही, लग्नाच्या मांडवात एकटा.

फक्त दोन गोष्टी तिच्या बाजूने. एक, पीटर तिच्या भल्यासाठी तिच्यापासून दूर राहतोय हे ती ऐकून घेत नाही. जोखीम माझी, तर निर्णयही माझा, असं दारात उभं राहून सांगते. दोन, शेवटचं चित्र. तो सायरन ऐकून खिडकीतून उडी मारतो, कॅमेरा त्याच्यामागे आनंदाने शहरभर हिंडतो, सगळे सुपरहिरो सिनेमे इथे संपतात. हा संपत नाही. परत खिडकीत येतो, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरतं. आता रोज रात्री ही वाट बघणार. हिशोबाची पुढची ओळ तिच्या नावावर.

---

चिंचेचा_कोळ

ते शेवटचं चित्र विसरले होते. परत बघते. साखळ्यांबद्दलची तक्रार कायम.

---

पावशेर_शेव

नाट्यगृहाच्या डोअरकीपरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून आलो. मेरी जेनचं नाटक बघायला पीटर जिवाच्या आकांताने पोचतो आणि दारावरचा माणूस त्याचा टाय नीट करायला लावतो, बूट पुसायला लावतो, आणि मग सांगतो की प्रयोग सुरू झालाय, आता आत सोडत नाही. सिनेमाभर स्पायडर-मॅनला निर्विवाद हरवणारा माणूस हाच. ब्रूस कॅम्पबेल तो, रायमीचा शाळेपासूनचा दोस्त, 'ईव्हिल डेड'चा हिरो. पहिल्या भागात कुस्तीच्या आखाड्यात 'स्पायडर-मॅन' हे नाव पुकारणाराही तोच. आणि नाटक कुठलं? ऑस्कर वाइल्डचं, दोन नावांनी दोन आयुष्यं जगणाऱ्या माणसाचं.

अवांतर : पिझ्झावाला मालक अझीझ झालाय तो आसिफ मांडवी मुंबईत जन्मलेला आहे. म्हणजे स्पायडर-मॅनला नोकरीवरून काढण्याचा मान आपल्याकडे आला.

अतिअवांतर : २००७ साली आठेक मिनिटं वाढवलेली '२.१' आवृत्ती आली होती. त्यात पीटरचे फोटो घेणारा जेमसन संपादक कचऱ्यातून मिळालेला पोशाख स्वतः घालून टेबलावर उड्या मारतो. जे. के. सिमन्सच्या पंख्यांनी चुकवू नये.

---

नापास_अभियंता

रंगाचा बेरंग करायला आलोय.

डॉक्टर ऑक्टेव्हियसचा, म्हणजे ऑक्टोपसचा, प्रयोग. ट्रिटियम वापरून अणुसंमीलन. इथवर ठीक, खऱ्या संशोधनातही ट्रिटियम इंधन म्हणून वापरतात. पण सिनेमात ते संमीलन एकदा पेटलं की आपोआप वाढत जातं, लोखंड ओढतं, शहर गिळायला निघतं आणि शेवटी नदीत बुडवून विझवतात. खरी अडचण नेमकी उलटी आहे हो! ते टिकवून धरता येत नाही म्हणून तर जगभरातले शास्त्रज्ञ इतकी वर्षं घाम गाळताहेत. जरा काही बिघडलं की ते विझतंच. त्यासाठी नदी लागत नाही.

ट्रेन मात्र पास. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी याचं गणित मांडलं होतं. चार डबे, त्यातले प्रवासी, वेग, सगळं धरून ट्रेन थांबवायला साधारण ३,००,००० न्यूटन बल लागेल असं त्यांनी काढलं. आणि तेवढं सोसायला जाळीचा धागा जितका चिवट हवा, तो निसर्गातल्या कोळ्यांच्या रेशमाच्या आवाक्यातला आहे. जाळी टिकेल. पोराचे खांदे टिकतील का ते मात्र त्यांनी नाही पाहिलं.

---

रात्रपाळी

खांदे नाही, पाठ! टोबी मॅग्वायरची पाठ आधीच्या घोड्यांच्या शर्यतीवरच्या सिनेमात दुखावली होती आणि त्याच्याऐवजी जेक जिलनहॉलला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आणि यातही तो गच्चीवरून उडी मारतो, खाली आपटतो आणि पाठ धरून कण्हत चालतो. तोच जिलनहॉल २०१९ मध्ये दुसऱ्या स्पायडर-मॅनचा खलनायक मिस्टेरिओ म्हणून आला. २०२१ च्या सिनेमात तिघे स्पायडर-मॅन एकत्र आले तेव्हाही टोबी पाठ धरून होता. आता मीही धरून असतो.

---

बहुविश्व_बंडू

मी भाच्याच्या पार्टीचा. वय जाऊ द्या.

रायमीचा सिनेमा गोड आहे, पण अ‍ॅनिमेशनवाले स्पायडर-व्हर्सचे दोन्ही भाग त्याच्या कितीतरी पुढे गेलेत. प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी. शिवाय आपला पवित्र प्रभाकर! २००४ साली, म्हणजे तुमच्या सिनेमाच्याच वर्षी, भारतात 'स्पायडर-मॅन इंडिया' कॉमिक आलं. खेड्यातून मुंबईत आलेला पोरगा, अंगात स्पायडर-मॅनचा अंगरखा आणि खाली धोतर, भीम काका आणि माया आंटी. तोच २०२३ च्या सिनेमात मुंबॅटनमध्ये (मुंबई अधिक मॅनहॅटन) झोके घेताना दिसला तेव्हा आमच्या रांगेत नुसता गोंधळ.

---

निळी_शाई

भीम काका आणि माया *आंटी*! बघा, मी काय म्हणत होते!

---

मुठाकाठचा_कोळी

बंडू, ते सिनेमे मलाही आवडतात, आणि डोळ्यांची चंगळ म्हणशील तर तेच पुढे. पण त्यात आयुष्यं इतकी, विश्वं इतकी, की एक पोरगा चुकला तरी शेजारच्या विश्वात दुसरा तयार. रायमीच्या न्यूयॉर्कात एकच पीटर आहे. मधे तो शक्ती गेलेली असताना जळत्या इमारतीत शिरतो, एका लहान मुलीला बाहेर काढतो, आणि मग बाहेर अग्निशमनवाले बोलताना ऐकतो की वरच्या मजल्यावर कुणीतरी अडकून गेलं. सिनेमात त्या माणसाला नाव नाही, चेहरा नाही. पण हिशोबात तो आहे.

---

कळसूत्री

बराच वेळ नुसता वाचत होतो. कुणीतरी ऑक्टोपसच्या हातांबद्दल लिहील वाटलं, नाही लिहिलं.

माझं आजोळ कोकणातल्या पिंगुळीजवळचं. लहानपणी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पाहिलेत, त्यामुळे नजर तिकडेच जाते. ते चार लोखंडी हात सगळेच संगणकावर काढलेले नाहीत. पळापळीत संगणकाचे आहेत आणि त्यासाठी सिनेमाला २००५ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं. पण जवळून दिसतात ते बरेचसे खरोखरच्या बाहुल्या आहेत, एकेका हाताला कित्येक जण चालवणारे. आल्फ्रेड मोलिनाने त्यांना नावं दिली होती : लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो. फ्लो नाजूक कामाची, चष्मा काढणं वगैरे, आणि ती चालवणारी बाई होती.

बाहुली चालवणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. बाहुलीने बोलणाऱ्याकडे वळून बघितलं की ती जिवंत होते. मोलिना धक्क्यावर एकटा बसून बोलतो तेव्हा ते चारही हात मान वाकडी करून त्याच्याकडे बघतात, ऐकतात, कानाशी लागतात. मानेवरची चिप जळलीये, आता ते त्याला सल्ला देताहेत. चार वाईट मित्र असलेल्या सज्जन माणसाची गोष्ट आहे ती. सुरुवातीला हाच माणूस पीटरला जेवायला बसवून बायकोचा हात हातात घेऊन कवितेवर बोलत होता. बायको त्याच प्रयोगात गेली, आणि पुढे त्याच्याशी बोलायला या चौघांखेरीज कुणी उरलं नाही.

इस्पितळातला प्रसंग रात्री एकट्याने बघा. डॉक्टर करवत घेऊन हात कापायला येतात आणि हात जागे होतात. संगीत जवळपास नाहीच, नुसत्या किंकाळ्या आणि फरशीवर ओरबाडणारी नखं. तिथे रायमी दोन मिनिटांसाठी आपल्या जुन्या भुताच्या सिनेमात जाऊन येतो.

---

गॉथमचा_पाटील

विचार करून आलो. ट्रेनचा प्रसंग काल परत पाहिला. बोटींपेक्षा थोडा, *थोडा* वरचढ आहे. पण जोकर तो जोकर, तिथे तुमचा लॅरी-हॅरी चालणार नाही. यावर मी कायम.

---

लूपवरून

पाटील वितळले. आज लूपवर पेढे.

---

मुठाकाठचा_कोळी

कळसूत्री, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता. बाहुलीने वळून बघण्याचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

ताजी खबर. भाच्याने घरी जाऊन उरलेला सिनेमा एकट्याने पाहिला. आवडला का ते सांगायला तयार नाही. काल रात्री साडेअकराला फक्त एवढा मेसेज आला : "मामा, मग त्या आठ पिझ्झ्यांचे पैसे शेवटी कोणी भरले?"

---

पावशेर_शेव

अझीझने. नाहीतर स्टिकर एवढ्या रागाने कोण सोलतं?